चॉकलेटला हृदयाचा आकार देणारे रिचर्ड कॅडबरी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला, की मुंबई-पुण्यातील दुकानांच्या काचांआड लाल कागदात गुंडाळलेल्या, हृदयाच्या आकाराच्या डब्यांची रास दिसू लागते. व्हॅलेंटाइन डेच्या निमित्ताने आपल्या प्रिय व्यक्तीसाठी त्यातली एखादी डबी निवडणाऱ्या तरुणापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, कोणते चॉकलेट तिला आवडेल. आणि दुसरा, ते तिच्या हाती पडेपर्यंत घट्ट राहील ना! दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच खरा आहे. या दिवसांत आपल्याकडे थंडी सरत आलेली असते, दुपारचा पारा तिशी ओलांडतो आणि लोकलच्या गर्दीत पिशवीत सांभाळलेले चॉकलेट घरी पोहोचेपर्यंत मऊ पडते. चॉकलेटमधील कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळते. जिभेवर ठेवताच ते विरघळते ते यामुळेच, आणि उष्ण प्रदेशात ते भेट म्हणून देणे अवघड जाते तेही यामुळेच.

मग चॉकलेट वितळले, संपले, तरी भेट उरते ती कशात? या प्रश्नाचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातल्या एका उद्योजकाने आपल्या कृतीतून देऊन ठेवले आहे. त्याचे आडनाव महाराष्ट्रातल्या घराघरात पोहोचले आहे. किंबहुना कित्येक मराठी घरांत चॉकलेटला सरसकट कॅडबरी असेच म्हटले जाते. मात्र त्या नावामागचा माणूस आपल्याला फारसा ठाऊक नाही. चॉकलेटच्या डबीवर पहिल्यांदा हौसेने चित्रे रंगवणारे आणि त्या डबीला हृदयाचा आकार देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, ते रिचर्ड कॅडबरी स्वभावाने कलावंत, धर्माने साधेपणाचे व्रत घेतलेले आणि नशिबाने ऐन तारुण्यात मोठा वियोग सोसलेले गृहस्थ होते.

रिचर्ड यांचा जन्म २९ ऑगस्ट १८३५ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला. त्यांचे वडील जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये शहरातील बुल स्ट्रीटवर चहा-कॉफीचे दुकान थाटले होते. तेथेच ते कोको आणि पिण्याचे चॉकलेटही विकत. १८३१ मध्ये त्यांनी कोकोचे उत्पादन सुरू केले. कॅडबरी घराणे क्वेकर पंथाचे होते. या पंथाच्या लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची दारे बंद होती. युद्धाला विरोध असल्याने सैन्यातही त्यांना जाता येत नसे. साहजिकच अनेक क्वेकर कुटुंबे व्यापाराकडे वळली. दारूच्या व्यसनाने उद्‌ध्वस्त होणारे कामगारांचे संसार ते रोज पाहत. गरिबाला परवडेल असे गरम, पौष्टिक पेय हाती दिले, तर त्याची पावले गुत्त्याकडून घराकडे वळतील, अशी त्यांची श्रद्धा होती. कोकोचा व्यापार त्यांच्या लेखी एक प्रकारे दारूबंदीच्या चळवळीचाच भाग होता.

क्वेकरांचे जीवन अत्यंत साधे असे. कपड्यांत रंग नाही, घरात डामडौल नाही. वर्षातला एखादाच दिवस पवित्र मानून साजरा करणेही या पंथाच्या परंपरेला मान्य नव्हते, कारण ईश्वराने दिलेला प्रत्येक दिवस सारखाच पवित्र, अशी त्यांची धारणा होती. अशा वातावरणात वाढलेल्या रिचर्डना मात्र रंगांची आणि निसर्गाची विलक्षण ओढ होती. ते चित्रे काढत, फुलांच्या आणि डोंगरांच्या सान्निध्यात रमत. पुढे स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वताचे त्यांना वेड लागले. पंथाच्या शिस्तीचा आदर राखून त्यांनी आपल्यातला चित्रकारही जपला. पुढे या चित्रकारानेच त्यांचा धंदा तारायला हातभार लावला.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच रिचर्ड वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. सुरुवातीला दिवस बरे होते. १८५४ मध्ये कॅडबरींना राणी व्हिक्टोरियाचे पुरवठादार म्हणून राजमान्यताही मिळाली. मात्र पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, आई कँडिया यांचे निधन झाले आणि घराची घडी विसकटली. पत्नीच्या मृत्यूनंतर जॉन कॅडबरींचा धंद्यातला रस उडाला, प्रकृतीही साथ देईना. गिऱ्हाईक तुटत गेले, कामगारांची संख्या रोडावली. १८६१ मध्ये त्यांनी कारखाना दोन मुलांच्या हाती सोपवला. रिचर्ड तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, तर धाकटे जॉर्ज एकवीस. आईच्या वारशातून प्रत्येकी चार हजार पौंड दोघांच्या वाट्याला आले होते. ते सगळे भांडवल त्यांनी या बुडत्या धंद्यात ओतले.

त्याच वर्षी रिचर्ड यांचा एलिझाबेथ अ‍ॅडलिंग्टन यांच्याशी विवाह झाला. नवा संसार आणि तोट्यातला कारखाना, असे दोन्ही भार एकाच वेळी खांद्यावर आले. जॉर्ज अविवाहित होते. ते काटकसरीची पराकाष्ठा करत. रिचर्ड यांच्यावर मात्र कुटुंबाची जबाबदारी होती आणि घरात मुले जन्माला येत होती. रिचर्ड विक्री आणि कार्यालय सांभाळत, तर जॉर्ज कारखाना आणि खरेदी पाहत. भल्या सकाळी कामाला सुरुवात होई आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळत. तरीही वर्षामागून वर्षे तोटाच पदरी पडत होता. भांडवल वितळत चालले होते. कर्ज काढून धंदा रेटायचा नाही, पैसे संपले तर प्रामाणिकपणे सर्वांची देणी चुकवून कारखाना बंद करायचा, असे दोघा भावांनी ठरवून टाकले होते. तशी वेळ आली असती, तर रिचर्ड जमिनीची मोजणी करणारे सर्वेक्षक होणार होते आणि जॉर्ज भारतात, हिमालयाच्या उतारावर चहाचा मळा पिकवायला येणार होते. म्हणजे चॉकलेट हरले असते, तर कॅडबरी हे नाव कदाचित आपल्याकडे चहाच्या पेटीवर वाचायला मिळाले असते!

ती वेळ आली नाही. १८६४ च्या सुमारास धंदा हळूहळू तोट्यातून बाहेर आला. खरी कलाटणी मात्र दोन वर्षांनी मिळाली. त्या काळी इंग्लंडमध्ये मिळणारा कोको निर्भेळ नसे. कोकोच्या बियांत जवळपास निम्मे स्निग्धांश असतात. त्यामुळे पेयावर तेलाचा तवंग येई. तो लपवण्यासाठी उत्पादक त्यात बटाट्याचे पीठ, साबुदाण्याचे पीठ मिसळत. काही जण तर विटांची भुकटी घालण्यापर्यंत मजल मारत. पिठाची भर कॅडबरींच्या मालातही असे. नेदरलँड्समधील व्हान हाउटेन यांच्या कारखान्यात मात्र दाबयंत्राने बियांतील कोको बटर पिळून काढण्याची पद्धत होती. जॉर्ज तेथे जाऊन आले आणि ते यंत्र घेऊन आले. १८६६ मध्ये कॅडबरी बंधूंनी कोको इसेन्स बाजारात आणला. भेसळ नसलेला, शुद्ध कोको हीच त्याची जाहिरात होती. भेसळीविरुद्ध देशात लोकमत तापलेले असताना हा दावा लोकांना पटला, आणि १८७० च्या दशकातील अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यांनी त्याला बळच दिले.

या यशातून एक नवा प्रश्न उभा राहिला. बियांतून पिळून काढलेल्या एवढ्या कोको बटरचे करायचे काय? कोकोची भुकटी, साखर आणि जादा कोको बटर यांच्या मिश्रणातून खाण्याचे चॉकलेट बनते, हे ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्येच दाखवून दिले होते. कॅडबरींकडे आता उत्तम प्रतीच्या कोको बटरचा साठा होता. त्यातून पूर्वीपेक्षा मुलायम, जिभेवर विरघळणारी चॉकलेटे बनवता येऊ लागली. आत फळांच्या स्वादाचे सारण आणि वर चॉकलेटचे कवच, असे नाजूक प्रकार तयार झाले. पण या क्षेत्रात मक्तेदारी होती ती फ्रेंचांची. इंग्लंडमधील श्रीमंत मंडळी शोभेच्या डब्यांतील फ्रेंच चॉकलेटे मागवत. बर्मिंगहॅमच्या धुरकट कारखान्यातला माल त्यांच्या पसंतीस कसा उतरणार?

येथे रिचर्डमधला चित्रकार पुढे सरसावला. चॉकलेटे सजवलेल्या डब्यांत विकायची आणि डबीवरचे चित्र स्वतः काढायचे, असे त्यांनी ठरवले. १८६८ च्या सुमारास बाजारात आलेल्या त्यांच्या एका डबीवर मांडीवर मांजरीचे पिल्लू घेऊन बसलेल्या चिमुरडीचे चित्र होते. ती चिमुरडी म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी जेसिका. इतर डब्यांवर आल्प्सची शिखरे आली, फुले आली, मुले आली. तोपर्यंत ब्रिटिश चॉकलेट उद्योगात अशी डबी कोणी पाहिली नव्हती. वर्तमानपत्रांनीही तिची कौतुकाने दखल घेतली.

याच दशकात हृदयाच्या आकाराची डबी जन्माला आली. कोणी ती १८६१ ची मानतात, तर कोणी १८६८ ची. परंतु तिचा पहिला मान सर्वसाधारणपणे रिचर्ड यांनाच दिला जातो. या डबीसाठी काळही अनुकूल होता. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली आणि १४ फेब्रुवारीला प्रेमपत्रे धाडण्याची जुनी प्रथा सर्व थरांत पसरली. नक्षीदार कागदाची झालर, गुलाब, कामदेव अशा सजावटीची शुभेच्छापत्रे लक्षावधींनी जाऊ लागली. मनातले बोलायला संकोचणाऱ्या व्हिक्टोरियन समाजाला मुके संदेश हवेच होते. शुभेच्छापत्रावरचे गुलाब आणि कामदेव रिचर्ड यांनी डबीवर आणले आणि आत चॉकलेटे भरली. एखादा विशिष्ट दिवस साजरा न करणाऱ्या पंथातल्या माणसाने प्रेमाच्या दिवसाला त्याची सर्वांत लोकप्रिय भेट द्यावी, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल. या आकाराचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. ज्याने त्याने तो उचलला आणि जगभर नेला.

या डबीतील खरी सूझ वेगळीच होती. चॉकलेटे दोन-चार दिवसांत संपणार, हे उघड होते. रिकामी झाल्यावर डबी फेकून द्यावीशी वाटू नये, अशा बेताने ती बनवलेली असे. स्त्रिया त्यांत केसांच्या पिना, दागिने, लहानसहान आठवणी ठेवत आणि आलेली प्रेमपत्रेही जपत. जुन्या वस्तूंचे संग्राहक आजही व्हिक्टोरियन काळातील या डब्या शोधत असतात. भेटीचा गोड भाग क्षणभंगुर आहे, म्हणून तिला टिकाऊ भागाची जोड हवी, हे रिचर्ड यांनी ओळखले होते.

हे ओळखायला त्यांना फार दूर जावे लागले नाही. १८६८ मध्येच, चौथ्या अपत्याला जन्म दिल्यानंतर, एलिझाबेथ यांचे निधन झाले. अवघ्या सात वर्षांचा संसार होता, आणि त्यातली बहुतेक वर्षे कारखाना बुडण्याच्या धास्तीत गेली होती. सुखाचे दिवस येऊ लागले, तेव्हा ते पाहायला पत्नी राहिली नाही. मागे राहिली चार आईविना पोरे, आणि त्यांत डबीवरची ती जेसिकाही होती. दुकानांच्या काचांआड मांजरीच्या पिल्लासह बसलेली ती मुलगी गिऱ्हाइकांकडे पाहत होती, तेव्हा घरी ती आईला पारखी झालेली होती. रिचर्ड यांनी आपल्या दुःखाचे प्रदर्शन मांडले नाही. ते कामावर जात राहिले, मुलांना सांभाळत राहिले, डब्या रंगवत राहिले. दुसऱ्यांच्या प्रेमासाठी सजवलेल्या त्या डब्यांमागे एका विधुर पित्याचा हात होता, ही गोष्ट त्या विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१८७१ मध्ये त्यांनी एम्मा विल्सन यांच्याशी दुसरा विवाह केला. घर पुन्हा भरले, आणखी मुली झाल्या. धंदाही वाढत होता. १८७५ मध्ये कॅडबरींची पहिली चॉकलेटची ईस्टर अंडी बाजारात आली. ब्रिज स्ट्रीटवरील जुना कारखाना अपुरा पडू लागला, तेव्हा दोघा भावांनी एक धाडसी निर्णय घेतला. शहराच्या धुरातून बाहेर पडून त्यांनी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, बोर्न नावाच्या ओढ्याकाठी मोकळी जमीन घेतली आणि १८७९ मध्ये तेथे नवा कारखाना उभारला. फ्रेंच चॉकलेटांचा दबदबा ध्यानात घेऊन ओढ्याच्या नावाला गाव या अर्थाचा फ्रेंच शब्द जोडला गेला आणि बोर्नव्हिल हे नाव तयार झाले. पुढे फ्रेडरिक किंचेलमन या निष्णात मिठाईकारालाही कारखान्यात आणण्यात आले आणि उंची फ्रेंच चॉकलेटांची गुपिते बर्मिंगहॅमला कळली. कामगारांसाठी बाग, खेळाची मैदाने, शनिवारची अर्धी सुटी अशा सोयी झाल्या. मालक आणि कामगार दिवसाची सुरुवात एकत्र प्रार्थनेने करत.

पैसा आला, तरी रिचर्ड यांच्यातला क्वेकर बदलला नाही. दर रविवारी भल्या सकाळी ते प्रौढ कामगारांच्या शाळेत शिकवायला जात. अक्षरओळख नसलेल्या, दिवसभर भट्टीपाशी राबणाऱ्या माणसांना वाचायला-लिहायला शिकवण्याचे हे व्रत त्यांनी अनेक वर्षे पाळले. शहरातील मोझली हॉल ही प्रशस्त वास्तू त्यांनी आजारातून उठलेल्या गरीब मुलांच्या विश्रांतीसाठी देऊन टाकली. प्रौढशिक्षण आणि समाजकार्यासाठी मोझली रोडवर स्वखर्चाने एक मोठी संस्था उभारली. निवृत्त झालेल्या वृद्ध कामगारांना हक्काचे छप्पर मिळावे, म्हणून बोर्नव्हिलमध्ये टुमदार निवासगृहे बांधली. जॉर्ज यांनी वसवलेल्या बोर्नव्हिल गावाची कीर्ती जास्त झाली. रिचर्ड यांचे काम त्या मानाने मागे राहिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना एका नव्या विषयाने भुरळ घातली. आपले सारे वैभव ज्या झाडावर उभे आहे, ते झाड मुळात आहे तरी कसे? १८९२ मध्ये त्यांनी हिस्टॉरिकस या टोपणनावाने कोकोवर एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. कोकोच्या झाडाचा इतिहास, लागवड, बिया आंबवण्याची व वाळवण्याची रीत, असे सगळे त्यांनी त्यात मांडले. कोकोचे झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांच्या पट्ट्यातच नीट वाढते. त्याला उष्णता हवी, दमट हवा हवी आणि डोक्यावर दुसऱ्या उंच झाडाची सावलीही हवी. फळे फांद्यांच्या टोकाला न लागता थेट खोडाला लागतात. एवढे करून हाती येणाऱ्या बियांचे चॉकलेट झाले, की त्याला ज्या उष्णतेने वाढवले, तीच उष्णता सोसवत नाही. उष्ण प्रदेशात जन्मलेल्या या पदार्थाने थंड देशात बाळसे धरले. बर्मिंगहॅमच्या गारठ्यात हृदयाकार डबी टेबलावर आठवडाभर सुखरूप राहत असे. कोको पिकवणाऱ्या मुलखात ती तासाभरात चिकट झाली असती.

उष्ण देशांचे आकर्षण रिचर्ड यांना प्रवासालाही ओढून नेई. १८९९ च्या आरंभी ते पत्नी आणि मुलींसह इजिप्तमार्गे पॅलेस्टाइनकडे निघाले. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाच्या मनात जेरुसलेमला जे स्थान असते, तेच त्यांच्याही मनात होते. पण त्या प्रवासात त्यांना घटसर्पाने गाठले. २२ मार्च १८९९ रोजी जेरुसलेममध्येच, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे पार्थिव बर्मिंगहॅमला आणून तेथे दफन करण्यात आले. अकरा-बारा हातांवर आलेला कारखाना ते गेले तेव्हा अडीच हजारांहून अधिक कामगारांचा पोशिंदा झाला होता. भाऊ गेल्यानंतर त्याच वर्षी जॉर्ज यांनी भागीदारीचे मर्यादित कंपनीत रूपांतर केले आणि रिचर्ड यांचे बॅरो व विल्यम हे मुलगे संचालक झाले.

त्यांच्यामागे एक कटू सत्यही उजेडात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरचा कोको अक्षरशः गुलामांच्या श्रमातून पिकतो, हे समोर येऊ लागले. कॅडबरी कंपनी तेथील कोको घेत होती. गुलामगिरीविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या क्वेकरांसाठी ही लाजिरवाणी बाब होती. चौकशी करण्याची जबाबदारी पडली ती रिचर्ड यांच्याच मुलावर, विल्यम यांच्यावर. ते स्वतः त्या बेटावर जाऊन आले आणि १९०९ मध्ये कंपनीने तेथील कोको घेणे थांबवले. वर्षानुवर्षे झालेल्या दिरंगाईबद्दल कंपनीवर टीकाही झाली. सुंदर डबीच्या आत काय आहे इतकेच पाहून भागत नाही, ते कोणाच्या हातांनी पिकले हेही पाहावे लागते, हा धडा त्यातून चॉकलेट उद्योगाला मिळाला. तो अजून पुरता गिरवून झालेला नाही.

रिचर्ड भारतात कधी आले नाहीत. जॉर्ज यांचा चहाचा मळाही कल्पनेतच राहिला. कॅडबरी हे नाव मात्र १९४८ मध्ये कंपनीच्या रूपाने येथे आले. पुढे ठाणे आणि तळेगावजवळील इंदुरी येथे तिचे कारखाने उभे राहिले. १९६५ पासून केरळात कोकोच्या लागवडीला कंपनीने चालना दिली आणि नारळ-सुपारीच्या सावलीत कोकोची झाडे वाढू लागली. १९९० च्या दशकात आर्थिक उदारीकरणाबरोबर व्हॅलेंटाइन डे भारतीय शहरांत रुजला. त्याला विरोध झाला, दुकानांवर मोर्चेही आले; पण हृदयाची डबी टिकून राहिली. उष्ण हवेचा प्रश्न तेवढा सुटला नाही. २०१२ मध्ये बोर्नव्हिलमधील संशोधकांनी ४० अंश तापमानात तीन तास आकार टिकवून धरणारे चॉकलेट बनवण्याची पद्धत शोधल्याचे जाहीर झाले. उष्ण देशांची बाजारपेठ कंपन्यांना किती खुणावते, याचाच तो पुरावा होता.

तोवर भेट देणाऱ्याने स्वतःच थोडी काळजी घेतलेली बरी. दुधाच्या चॉकलेटमधील स्निग्धांश कोको बटरला मऊ करतात, त्यामुळे ते डार्क चॉकलेटपेक्षा लवकर ढिले पडते. भरदुपारी लांबचा प्रवास असेल, तर कोकोचे प्रमाण अधिक असलेले, जाड वडीचे चॉकलेट निवडणे शहाणपणाचे ठरते. मलईदार सारणाच्या नाजूक प्रकारांचा मोह संध्याकाळच्या भेटीपुरता ठेवावा. खरेदी थंड दुकानातून आणि शक्यतो त्याच दिवशी करावी. फ्रिजमध्ये ठेवायचेच झाले, तर हवाबंद डब्यात ठेवावे. नाही तर कालच्या भाजीचा वास त्याला हमखास लागतो. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये, कारण पृष्ठभागावर दव धरते आणि साखर वर येते. एकदा वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढरट थर दिसतो. ती बुरशी नसते, कोको बटरच वर आलेले असते. ते खाण्यास अपायकारक नाही, पण भेट म्हणून शोभत नाही.

एवढी काळजी घेऊनही आपल्याकडच्या उन्हात एखादे चॉकलेट वितळणारच. रिचर्ड कॅडबरी यांचे आयुष्य पाहिले, की त्याचे फारसे वैषम्य वाटत नाही. त्यांच्या संसारातले गोड दिवस थोडेच होते, आणि ज्या वर्षी यश दारात आले त्याच वर्षी ते सरले. डबीवर रंगवलेली मुलगी मात्र राहिली. म्हणून भेट निवडताना चॉकलेटाइतकेच लक्ष डबीकडे, आणि तिच्यात घालायच्या चार ओळींच्या चिठ्ठीकडे द्यावे. चॉकलेट त्या संध्याकाळीच संपेल. चिठ्ठी त्या डबीत घडी करून ठेवली जाईल आणि पुढे कधीतरी कपाट आवरताना पुन्हा हाती लागेल.